चुकलेल्या दगडांची वाट

कुत्र्यांनो सावध राहा

फाटक उघडून आत पाऊल टाकलं की पहिला दगड हा. कुत्र्यापासून माणसांना सावध करायचं होतं, झालं उलटंच. सासऱ्यांच्या वडिलांनी कोरलेला. गिऱ्हाईक तणतणत गेलं, दगड राहिला. फेकवेना, म्हणून त्यांनी तो फाटकाजवळच्या चिखलात बसवला, अक्षरं वर करून.

"पालथा घाला की," शेजारी म्हणाले.

"पालथा घातला तर मला एकट्यालाच ठाऊक राहील. मग रात्रंदिवस तोच डोक्यात. असा असला म्हणजे सगळ्यांचा झाला."

तेव्हापासून या घरची रीत पडली. ज्याचा हात चुकेल त्याने आपला दगड आपल्या हाताने अंगणात बसवायचा, तोंड वर करून. मग घरातल्या प्रत्येकाने एकेकदा त्यावर उभं राहून तो मोठ्याने वाचायचा, पोट दुखेपर्यंत हसायचं, आणि विषय संपला. पुढे त्यावरून टोमणा मारायचा नाही.

(मारतात. पण हळू.)

पळणाघर

एक काना राहिला, आणि लहान मुलांना सांभाळायची जागा त्यांना पळवून लावायची झाली.

हा सासऱ्यांचा. तरुणपणचा. यावरून चालत पुढे आलं की डाव्या हाताला घर, समोर कारखाना. कारखाना म्हणजे एक लांबट खोली, एका बाजूला उभे करून ठेवलेले दगड, मधे कोरायचा ओटा, खिडकीतून येणाऱ्या उजेडात तरंगणारी पांढरी भुकटी. इथे दारावरच्या पाट्या होतात, दवाखान्याच्या होतात, बाकांवरच्या होतात. ज्याला आपलं नाव रंगापेक्षा जास्त टिकावं असं वाटतं तो इथे येतो.

आता इथली कामाची पद्धत सांगायला हवी, कारण सगळी गडबड तिच्यात आहे. दुसरीकडे आधी दगडावर पेन्सिलीने अक्षरं काढतात, मग कोरतात. इथे नाही. इथे नुसत्या ओळी आखायच्या. एकाने मजकूर मोठ्याने वाचायचा आणि दुसऱ्याने ऐकत ऐकत थेट छिन्नी चालवायची. "आधी काढून मग कोरलं तर ते गिरवणं झालं," असं सासरे म्हणतात. "आवाज कानातून शिरला पाहिजे आणि हातातून बाहेर पडला पाहिजे. तेव्हा कुठे अक्षरात जीव येतो."

जीव येतो, खरंच येतो. सासऱ्यांचा 'ळ' बघायला लोक वाट वाकडी करून येतात. पण शेजारी पत्रे कापायचं दुकान आहे.

झाडांचे डॉक्टर

कळलं ना?

वाचणाऱ्या सासूबाई 'हाडांचे' म्हणाल्या होत्या. त्याच क्षणी शेजारच्याने यंत्र लावलं.

डॉक्टर मात्र दिलदार. दुसरी पाटी मिळाल्यावरही अधूनमधून येऊन या दगडावर उभे राहायचे आणि म्हणायचे, "आज एका आंब्याचा गुडघा बसवला." आणि गेल्या महिन्यात याच डॉक्टरांनी सासऱ्यांचा उजवा खांदा दाबून बघितला, हात वर करायला लावला, तो अर्ध्यातच अडला, तेव्हा ते हसले नाहीत.

"हातोडा बंद."

"किती दिवस?"

"दिवस नाही हो. बंद म्हणजे बंद."

सासरे घरी आले आणि गळ्यात अडकवलेल्या हातासकट कारखान्याच्या दारात बसून राहिले. नवऱ्याचा, म्हणजे त्यांच्या मुलाचा, उपयोग नव्हता. तो दगड उचलतो, बसवतो, भिंतीत असा चिणतो की ओळंबा लावायची गरज पडत नाही. पण छिन्नी हातात दिली की अक्षरं उंदराने कुरतडल्यासारखी. हे तो स्वतःच सांगतो. अंगणात त्याचे बरेच दगड आहेत. 'येथे गादी लावू नये' हा त्यातल्या त्यात वाचता येण्यासारखा.

उरली कोण?

शिणवर्ग

शिवणवर्गातला 'व' गळाला. शिवण शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या, "तसं खोटं नाही." तरी पाटी बदलून घेतली.

उरली सूनबाई.

सूनबाईला लहानपणापासून वाचायची खोड. काड्यापेटी वाच, गोळ्यांच्या पाकिटामागचं बारीक वाच, बसच्या पाठीवरचं वाच. लग्न ठरण्याआधी ती हे घर बघायला आली तेव्हा फाटकापासून दारापर्यंत मान खाली घालूनच चालली. किती लाजाळू मुलगी, असं सगळ्यांना वाटलं. ती दगड वाचत होती.

लग्न झाल्यावर महिन्याभरातच तिने छिन्नी मागितली आणि सासऱ्यांनी आनंदाने दिली. दोन वर्षं होत आली. फुटक्या तुकड्यांवर तिने कोरलेली अक्षरं कारखान्यातल्या फळीवर मांडून ठेवली आहेत. एक 'क'. एक 'ज्ञ', ज्याच्या पोटात बोट फिरवावंसं वाटतं. एक 'च', असा ऐटबाज की सासरे त्याला 'पाहुणा' म्हणतात. फळी भरली, दुसरी ठोकली, तीही भरत आली.

पण शब्द एकही नाही.

"अगं, आता दोन अक्षरं शेजारी शेजारी कोर की," सासरे म्हणायचे. "'घर' कोर. 'मन' कोर. काना नाही, मात्रा नाही."

"कोरते, बाबा. उद्या."

एकटं अक्षर कधी चुकत नाही. त्याला शेजारी मिळाला की भानगडी सुरू होतात. हे ती कुणाला बोलली नाही, आणि आणखी एक गोष्ट बोलली नाही. ती पुढच्या दगडावर आहे.

दार उघडे आहे

हा शेवटचा. याच्यापुढे कारखान्याचा उंबरा.

याच्यात काय चूक आहे?

थांबा, घाई नको. सगळेच घाई करतात. टपालवाले म्हणतात, 'उघडे' नाही, 'उघडं' हवं. डॉक्टर म्हणतात, पूर्णविराम नाही. पत्रेवाल्याचं म्हणणं, अक्षरं बरोबर आहेत पण दार तर लोटलेलं असतं, म्हणजे चूक अर्थाची. नवऱ्याच्या मते 'आहे'च्या आधी जागा जास्त सुटली आहे. सासऱ्यांना विचारलं तर ते एकच शब्द बोलतात: "शोधा."

सूनबाईने शोधली. सकाळच्या तिरप्या उन्हात शोधली, दगड ओला करून शोधली, खडू घासून शोधली. नाही सापडली. लोकांनी सांगितलेली एकही चूक तिला पटेना. मग तिने आपल्या मनाशी एक हिशेब मांडला. ज्या घरातल्या पोराटोरांना, गिऱ्हाइकांना, टपालवाल्यालासुद्धा या दगडातली चूक दिसते, त्या घरात आपल्यालाच ती दिसत नाही. म्हणजे आपला डोळाच कच्चा. अशा बाईने दुसऱ्याच्या दारावर शब्द काय म्हणून कोरावा?

चूक सापडली की कोरेन, असं तिने ठरवलं होतं. हे ठरवूनच दोन वर्षं गेली.

(इथे एक दगड हलतो. जपून.)

शिट्टीवाले आले ते सकाळीच.

शिट्टीवाले म्हणजे पोहण्याच्या तलावाचे व्यवस्थापक. शिट्टी गळ्यात, घरीदारी, आणि बोलणंही तसंच. फुंकर मारल्यासारखं.

"नियम हवेत! दगडात! रंगाच्या पाट्यांनी वैताग आणलाय!"

"का, काय झालं?" सासऱ्यांनी विचारलं.

"पाटी होती, 'पाण्यात लघवी करू नये'. ओलीने रंग सुटला. 'नये' गळून पडलं. आता पोरं मला पाटी दाखवतात!"

नवरा हसून हसून भिंतीला टेकला. शिट्टीवाले हसले नाहीत. तलाव उपसून, घासून कोरडा ठेवलाय म्हणाले. पाणी सोडायच्या आत पाट्या लागल्या पाहिजेत. प्रत्येक नियमाला वेगळा दगड, हातभर लांब, म्हणजे काठाने एकेक लावता येतील.

"माझा हात गेला हो," सासरे म्हणाले.

"कळलं मला. म्हणून विचारायला आलो. बाजारातला यंत्रवाला करून देतो म्हणतो. पण त्याची अक्षरं बघितली की औषधाची बाटली आठवते. तुमच्याकडे दुसरं कोणी?"

नवऱ्याने बायकोकडे बघितलं. बायकोने फळीकडे. फळीवरून सगळी अक्षरं तिच्याकडे बघत होती.

"परवा सांगतो," सासूबाई म्हणाल्या.

"परवा!" शिट्टीवाले म्हणाले आणि निघाले. शेवटच्या दगडापाशी थबकून बोट दाखवून म्हणाले, "हा मला ठाऊक आहे हां. 'दार'ला 'दरवाजा' म्हणायला हवं होतं. शुद्ध भाषेत."

ते गेल्यावर सासरे शांतपणे म्हणाले, "यंत्रवाल्याला ही खोली हवीच आहे. मागे विचारत होता. देऊन टाकू. फुकट भुकटी कशाला खायची सगळ्यांनी?"

जेवायला बसायच्या आधी सहज बोलून जावं तसं बोलले. पण उठताना त्यांनी डाव्या हाताने ओट्यावरची छिन्नी उचलली, पुसली, आणि होती तिथे न ठेवता कपाटात ठेवली.

दार उघडे आहे

(पुन्हा हाच. वाट पुढे नाही, म्हणून.)

दुपारी सूनबाई बादली आणि घासणी घेऊन त्या दगडावर गुडघे टेकून बसली. प्रत्येक अक्षराच्या खोबणीतली माती नखाने काढली. 'द'च्या पोटातली. 'घ'च्या कोपऱ्यातली. सासूबाई बाहेर आल्या आणि उंबऱ्यावर बसल्या.

"काय करतेस?"

"घासते."

"परवाच घासला होतास."

"परवा नीट निघालं नव्हतं."

"सापडली का?"

तिने घासणी बादलीत टाकली.

"आई, एक बोलू? रागावणार नाही ना?"

"ते ऐकल्यावर ठरवू."

"यात चूक नाहीये."

सासूबाई उंबऱ्यावरच जरा पुढे सरकल्या.

"म्हणजे मला दिसत नाही असं नाही. नाहीच आहे. 'उघडे' बरोबर, 'आहे' बरोबर, जागा बरोबर. टपालवाले काहीही बोलतात. पूर्णविराम पाट्यांना देतच नाहीत आपण. मी दोन वर्षं..." तिने ओला हात दगडावर आपटला. "दोन वर्षं मला वाटतंय मी आंधळी आहे. नाही मी आंधळी. हा दगड बरोबर आहे. चुकीच्या जागी बसलाय, एवढंच."

सासूबाई हसायला लागल्या. आधी खांदे हलले, मग आवाज आला, मग त्यांना दाराची चौकट धरावी लागली.

"अहो! बाहेर या! सापडली हिला! म्हणजे नाही सापडली! या लवकर!"

सासरे आले, मागून पिठाचे हात तसेच घेऊन नवरा आला.

"कोण म्हणालं?" सासऱ्यांनी विचारलं.

"सूनबाई म्हणाली. तोंडावर म्हणाली. बरोबर आहे म्हणाली."

"एवढ्या वर्षांत पहिलीच," सासरे म्हणाले, आणि त्यांनी सुनेकडे असं बघितलं की तिला उठून उभं राहावं लागलं.

मग सासू-सासरे दोघंही एकदम बोलायला लागले, एकमेकांची वाक्यं हिसकावत. तो दगड सासूबाईंचा होता. लग्नानंतर त्यांनी कोरलेला पहिला आणि शेवटचा. एका दवाखान्याच्या दाराला लावायचा. कोरून झाला आणि बाई तो हातचा सोडेनात.

"मला वाटलं, कुठेतरी चूक असणारच. पहिल्याच फटक्यात बरोबर कसा येईल? मला दिसत नाही एवढंच."

"मी सतरांदा वाचून दाखवला."

"तुम्ही वाचून दाखवलात! कुत्र्यांना सावध करणाऱ्यांचे चिरंजीव. तुमच्यावर कोण विश्वास ठेवणार?"

"हिने रातोरात ठरवलं, हा अंगणातच जाणार. स्वतः बसवला. आता चुकीच्या दगडांत बरोबर दगड बसलेला कळला तर लोक हिला हसतील. म्हणून मी सांगून टाकलं, चूक आहे, शोधा."

"आणि लोकांना सापडायला लागल्या!" सासूबाईंनी डोळे पुसले. "ज्याला त्याला वेगळी. आम्ही रात्री जेवताना मोजायचो, आज कोणती नवी निघाली."

"आणि मला नाही सांगितलंत?" नवरा म्हणाला. "मी लहानपणापासून 'आहे'च्या आधीची जागा मोजतोय!"

"तू मोजत होतास म्हणून गंमत होती, बाळा."

"मग आई," सूनबाईने विचारलं, "पुढचा दगड? त्यानंतरचा?"

हसणं ओसरलं.

"पुढचा उद्या कोरायचा होता," सासूबाई म्हणाल्या. "मग मी ह्यांना वाचून द्यायला लागले. तेही काम होतंच. कोणीतरी करायला हवंच होतं." त्यांची नजर सुनेच्या खांद्यावरून आत गेली, दोन फळ्या भरून मांडलेल्या अक्षरांवर. "माझी फळी नव्हती, एवढाच फरक."

सूनबाईने ओल्या हातांनी कपाट उघडलं. छिन्नी बाहेर काढली.

"शिट्टीवाल्यांना निरोप पाठव," सासरे मुलाला म्हणाले. "परवापर्यंत कशाला थांबायचं?"

आधी

अंगावर

पाणी घ्यावे

पहिला शब्द कोरायला तिला सकाळ लागली. कागद समोर घेऊन बसायला निघाली होती, सासूबाईंनी काढून घेतला.

"तू वाचत बसशील. कागद माझ्याकडे. तू ऐक."

आ.

ठक, ठक, ठक. भुकटी उडाली. छिन्नीचं टोक दगडात शिरताना हाताला एक बारीक धक्का बसत होता.

धी.

वेलांटीचं वळण घेताना तिने श्वास धरला. सोडला तेव्हा ओट्यावर दोन अक्षरं शेजारी शेजारी उभी होती आणि एकमेकांकडे बघत होती. आधी. काहीतरी म्हणत होती ती. आजवर तिच्या हातून निघालेलं एकही अक्षर काही म्हणालं नव्हतं.

"पुढे?" सासूबाईंनी विचारलं.

"पुढे," ती म्हणाली.

दुसरा दगड, 'खोल पाण्यात एकट्याने उतरू नये', दुपारपर्यंत झाला. सासरे मागे उभे होते. जोडाक्षराला ते नकळत पुढे सरकले, डावा हात वर गेला, पण बोलले नाहीत. तिसऱ्याला तिचा हात असा चालायला लागला की ती मान वर करेना. सासूबाई शब्द टाकायच्या, ती झेलायची. कान, हात, दगड. मधे कोणी नाही. शेजारी पत्रेवाल्याने यंत्र लावलं तेही तिला दूरचं वाटलं.

मग नवऱ्याने दगड उचलून उभा केला, फुंकर मारली, आणि वाचला. मनात वाचला. मग आईकडे वळला.

"आई, कागदावर काय लिहिलंय?"

"काठावर धावू नये. का?"

त्याने दगड फिरवला.

काठावर चावू नये

'च' काय देखणा आला होता! फळीवरच्या पाहुण्याचा थोरला भाऊ.

सासूबाईंनी कागद पुन्हा वाचला, जणू तोच बदलला असेल. सासऱ्यांनी सुनेच्या तोंडाकडे बघितलं. याच तोंडाची त्यांना भीती होती.

ते तोंड आधी पांढरं पडलं. मग त्याचा एक कोपरा थरथरला.

"कुणाला?" सूनबाई म्हणाली. "काठावर कुणाला चावू नये?"

आणि ती ओट्याशेजारी जमिनीवरच बसली, भुकटीत, आणि हसायला लागली. अशी हसली की शेजारच्या पत्रेवाल्याने यंत्र बंद करून डोकं आत घातलं.

"काय झालं हो?"

"काही नाही," सासरे म्हणाले. "सूनबाई आमची झाली."

वाट थोडी बदलली आहे

शिट्टीवाले दगड न्यायला आले तेव्हा तो भिंतीला टेकवून ठेवला होता. त्यांनी तो वाचला. खिशातून चष्मा काढून पुन्हा वाचला.

"हा मी नेणार!"

"तो चुकलाय. धावूचा दुसरा कोरतेय मी," सूनबाई म्हणाली.

"धावूचाही द्या! हाही द्या! अहो, चावतात माझ्याकडे. लहान गटातला एक आहे, शिकवायला गेलं की दंडाला धरतो. हा नियम हवाच होता!"

"नाही मिळणार."

"असं काय करता, बाई?"

"हा माझा आहे," ती म्हणाली. आणि हे म्हणताना तिची मान इतकी ताठ होती की शिट्टीवाल्यांनी उगाच एकदा शिट्टी चाचपली.

पण बसवायचा कुठे? दगड दगडाला लागून वाट उंबऱ्यापर्यंत आलेली. नवरा पहार घेऊन इकडेतिकडे बघत होता. सासूबाई पुढे झाल्या आणि शेवटच्या दगडावर पाय ठेवला.

"माझा काढ."

"आई?"

"काढ म्हणते ना. मुदतीपेक्षा जास्त राहिला तो इथे. दवाखान्यात जायचा होता, तलावावर जाईल."

पहारीचं टोक खाली घातल्यावर दगड लगेच सुटला, जणू वाटच बघत होता. खाली ओली काळी माती, सैरावैरा मुंग्या, आणि कडेच्या फटीतून कधीतरी घरंगळलेली एक काचेची गोटी. नवऱ्याने ती उचलून अंगठ्याने पुसली. "ही हिरवी! अख्ख्या गल्लीला चोर ठरवलं होतं मी हिच्यापायी."

शिट्टीवाल्यांच्या हातात 'दार उघडे आहे' आला तेव्हा ते जरा घुटमळले. "फाटकाला शोभेल. सकाळी उघडंच असतं. पण यात ती चूक आहे ना? लोक बोलतील."

"शोधा," सासू-सासरे एकदम म्हणाले.

सूनबाईचा दगड लांबीला जास्त भरला. उंबऱ्याकडचा कोपरा तासावा लागला, तरी एका बाजूला बोटभर फट राहिली. ती तिने स्वतः भरली, स्वतः थापली, कपाळाला सिमेंटचा माल लागला तो तसाच राहिला. मग रीतीप्रमाणे एकेक जण दगडावर उभा राहिला. सासऱ्यांनी भाषणाच्या सुरात वाचला. नवऱ्याने वाचला आणि बायकोच्या दंडाकडे असं बघितलं की तिने त्याला ढकललं. पत्रेवालाही येऊन वाचून गेला. आपल्या यंत्राचा यात वाटा आहे, असं त्याचं म्हणणं पडलं.

शेवटी सासूबाई उभ्या राहिल्या. वाचला, हसल्या, पण खाली उतरल्या नाहीत. मग त्या तिथूनच उंबरा ओलांडून आत गेल्या आणि ओट्यासमोर बसल्या. ओट्यावर शेवटच्या नियमाचा दगड होता, 'शिट्टी वाजताच बाहेर यावे', नुसत्या ओळी आखलेला. त्यांनी छिन्नी हातात घेतली, वजन बघितलं, बोटं मागेपुढे करून बघितली. सासरे दारात खिळल्यासारखे उभे.

"सूनबाई," त्यांनी हाक मारली. "कागद तुझ्याकडे आहे ना?"

"आहे, आई."

"वाच मग. आणि मोठ्याने वाच हो. पत्रेवाला परत गेलाय दुकानात."